कागद राखणाऱ्यांची गोष्ट

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंद्रूप हे माझे माहेर. माहेरच्या माणसांपुढे भाषण करणे सोपेही असते आणि अवघडही. सोपे अशासाठी, की काही उणेअधिक झाले तर माणसे पोटात घालतात. आणि अवघड अशासाठी, की "हिला आम्ही परकर-पोलक्यात पाहिली आहे," असे म्हणणाऱ्या दोन-चार काकू पहिल्याच रांगेत बसलेल्या असतात. चिटणीसबाईंनी पत्रात विषय माझ्यावरच सोपविला होता. स्वयंपाक, आरोग्य, मुलांचे संगोपन यांवर माझ्यापेक्षा अधिकाराने बोलणाऱ्या बहिणी आपल्यात पुष्कळ आहेत. माझे आयुष्य शाळेत मराठी शिकविण्यात गेले. माझा संबंध कागदाशी. म्हणून आज मी कागदांविषयी, किंवा खरे म्हणजे दुसऱ्यांचे कागद राखणाऱ्या माणसांविषयी बोलणार आहे.

कवी आपल्याला ठाऊक असतो. त्याचे नाव पाठ्यपुस्तकात येते, त्याची जयंती होते. पण त्या कवीचे शब्द आपल्यापर्यंत कोणी आणून पोचविले, हे आपण क्वचितच विचारतो. विहिरीचे पाणी गोड लागले की आपण विहिरीची स्तुती करतो; पोहरा ओढणाऱ्या हाताची कोणी करीत नाही. विशेषतः जे कवी गरिबांचे, खालच्या मानलेल्या जातींचे किंवा गुलामांचे दुःख सांगत होते, त्यांच्या बाबतीत तर कागद राखणारा भेटला म्हणूनच ते वाचले. राजाच्या पदरच्या कवीला राजवाड्याचे कपाट असते. या लोकांना कपाट कोठले?

प्रथम दूरचे एक उदाहरण सांगते आणि मग आपल्या भीमेकाठी येते.

अमेरिकेत जॉन ग्रीनलीफ व्हिटियर नावाचा कवी होऊन गेला. जन्म १८०७ सालचा, शेतकऱ्याच्या घरी. तो क्वेकर पंथाचा होता. हा पंथ सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये निघाला. या लोकांच्या प्रार्थनेत पुरोहित नसतो. सगळे जण शांत बसतात आणि ज्याला आतून सांगावेसे वाटेल तो उठून बोलतो. बाईलाही तेथे बोलता येते. प्रत्येक माणसाच्या ठायी ईश्वराचा अंश आहे, असे एकदा मानले की माणूस विकत घेणे आणि विकणे कसे मान्य करावयाचे? म्हणून फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी १७७६ साली आपल्या पंथाच्या कोणीही गुलाम बाळगू नये असा नियम केला. व्हिटियरने आपली लेखणी या कामाला वाहिली. १८३८ साली फिलाडेल्फियात गुलामगिरीविरोधी मंडळींनी एक मोठे सभागृह बांधले. ते उघडल्यापासून चार दिवसांच्या आत जमावाने जाळून टाकले. व्हिटियरच्या पत्राची कचेरी त्याच इमारतीत होती. वेषांतर करून तो त्या जमावात घुसला आणि आपले काही कागद वाचवून घेऊन आला, असे सांगतात. भगिनींनो, घर जळत असता माणूस काय उचलतो त्यावरून त्याचे धन कशात आहे ते कळते.

१८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने बंद झाली. आपल्याकडे त्याचा अर्थ ज्याला सर्वांत आधी नेमका समजला, तो पुण्याचा एक माळी. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक छापले आणि ते अर्पण केले अमेरिकेतील त्या लोकांना, ज्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी कष्ट सोसले. आपल्या शूद्र बांधवांच्या सुटकेसाठी इथल्या लोकांनीही तो कित्ता गिरवावा, अशी त्यांची इच्छा होती.

व्हिटियर १८९२ साली वारला. पुढे त्याची पत्रे, हस्तलिखिते, जुन्या आवृत्त्या हौशी संग्राहकांनी वर्षानुवर्षे जमविल्या. पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोर कॉलेजाच्या क्वेकर ग्रंथालयात त्याचे पुष्कळ कागद आज नीट लावून ठेवलेले आहेत. आणि ज्या एम्सबरी गावात तो राहिला, तेथील त्याचे घर राखण्याचे काम १८९८ साली अंगावर घेतले ते त्या गावच्या बायकांनी, आपल्यासारखाच संघ काढून. हे मी मुद्दाम सांगते. कोणी विचारले, की बायकांच्या मंडळाला या उठाठेवी कशाला, तर हे उत्तर हाताशी असू द्या.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. मंद्रुपाहून विजापूरच्या रस्त्याने निघाले आणि टाकळीजवळ भीमा ओलांडली की कर्नाटक लागते. नदीने राज्य बदलते, पण जोंधळा तोच, भाकरी तीच, आणि अर्ध्याअधिक घरांत आजीची भाषाही तीच. त्याच रस्त्याने पुढे विजापुरास एक वकील राहात होते. त्यांचे नाव फकीरप्पा गुरुबसप्पा हळकट्टी. जन्म १८८० साली धारवाडचा, मृत्यू १९६४ साली विजापूरचा. सगळा कर्नाटक त्यांना 'वचनपितामह' म्हणतो. आपल्या बाजूला मात्र त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगते.

बाराव्या शतकात बसवण्णांनी आणि त्यांच्या सोबतच्या शरणांनी जातीभेदाविरुद्ध आवाज उठविला, हे आपण जाणतो. बसवण्णा कल्याणला जाण्यापूर्वी आपल्या मंगळवेढ्यास कलचुरी बिज्जळाच्या पदरी होते. सोलापूरचे सिद्धरामेश्वर, ज्यांच्या गड्ड्याच्या जत्रेला आपण दरवर्षी संक्रांतीस जातो, तेही याच शरणांपैकी. सिद्धरामांनी तळे खोदविले, देवळे बांधली. अल्लमप्रभू त्यांना भेटले आणि कल्याणच्या अनुभवमंटपात घेऊन गेले, अशी कथा आहे. या मंडळींनी साध्या बोलीत लहान लहान गद्यकाव्ये रचली, तीच वचने. रचणारे कोण? मडिवाळ माचय्या परीट, अंबिगर चौडय्या नावाडी, हरळय्या चांभार. आणि बायका तर कितीतरी! अक्कमहादेवीचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण कदिरे रेम्मव्वा सूत कातणारी होती. सत्यक्का अंगण झाडणारी होती. आयदक्की लक्कम्माचा नवरा सांडलेले तांदूळ वेचून आणी आणि त्यावर त्यांचे घर चाले. एके दिवशी त्याने रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणले, तेव्हा लक्कम्माने त्याला दटावले, की आपल्याला लागतात त्याहून अधिक आणावयाची हाव कोठून आली. जा, परत टाकून ये. गरिबीतली ही ताठ मान पाहा! आणि सूळे संकव्वा नावाची एक वेश्या होती. तिचे एकच वचन आज उपलब्ध आहे. एकच! पण त्या एका वचनामुळे आठशे वर्षांनंतरही ती बाई आपल्याशी बोलते आहे.

मग कल्याणात विपरीत घडले. ब्राह्मण मधुवरसाची मुलगी आणि हरळय्या चांभाराचा मुलगा यांचा विवाह शरणांनी लावला. दोघाही व्याह्यांना हत्तीच्या पायी देहदंड झाला. दंगा उसळला, शरणांची पांगापांग झाली. ही गोष्ट ११६७ च्या सुमाराची. त्या धावपळीत वचनांचे गठ्ठे उचलून जी मंडळी उळवीच्या अरण्याकडे गेली, त्यांत बसवण्णांची थोरली बहीण अक्क नागम्मा होती, असे परंपरा सांगते. म्हणजे कागद राखणाऱ्यांच्या, त्या काळच्या भाषेत ताडपत्रे राखणाऱ्यांच्या पंक्तीत पहिल्या पाटावर आपलीच एक बहीण बसली आहे.

त्यानंतर काही शतकांनी वचनांचे काही संग्रह झाले, पण पुढे बरीचशी ताडपत्रे मठांत आणि घराघरांच्या देव्हाऱ्यांत बासनात बांधून ठेवली गेली. त्यांना हळद-कुंकू लागे, धूप दाखविला जाई. उघडून वाचीत मात्र कोणी नसे. वाळवी लागली तरी कळत नसे. पूजा करणे आणि जपणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे येथे शिकावयाचे.

हळकट्टी वकिली करीत होते. ऐन तारुण्यात ही ताडपत्रे त्यांच्या दृष्टीस पडली आणि त्यांना त्यांचा ध्यास लागला. कोर्टाच्या कामाला गावोगाव जावे आणि विचारावे, "तुमच्या घरी जुनी ताडपत्रे आहेत का?" कोणी देव्हाऱ्यातली वस्तू कशी द्यावी म्हणून नाही म्हणे, कोणी देई. ती आणावयाची, पुसावयाची, लावावयाची, त्यांवरून कागदावर नक्कल उतरावयाची, एका पोथीतले वचन दुसरीतल्याशी ताडून पाहावयाचे. असे करीत करीत त्यांच्यापाशी एक हजाराहून अधिक ताडपत्री पोथ्या जमल्या. त्यांच्या आधी पन्नासएक वचनकारांची नावे लोकांना ठाऊक होती. ती संख्या त्यांनी अडीचशेच्या आसपास नेली. परीट, नावाडी, सूत कातणारी, झाडणारी, ही सारी मंडळी या मोजणीत वर आली. १९२३ साली 'वचनशास्त्रसार' या ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला.

छापावयाला पैसा लागतो. हळकट्टींनी आपले राहते घर विकले आणि १९२५ च्या सुमारास विजापुरात 'हितचिंतक' नावाचा छापखाना काढला. १९२६ पासून 'शिवानुभव' हे नियतकालिक चालविले. स्वतः भाड्याच्या घरात राहिले. राव बहादूर ही पदवी मिळालेला माणूस, ज्यांनी विजापुरात शिक्षणसंस्था उभारली, सहकारी बँक उभारली. पण त्यांच्या स्वतःच्या नावावर घर उरले नाही.

पुरुषांनी हे चरित्र वाचले तर ते 'केवढा त्याग!' म्हणतील. आपण बायका वाचतो तेव्हा आपल्या मनात पहिला विचार येतो तो त्या घरातल्या गृहिणीचा. घर विकले म्हणजे तिची चूल हलली, तिचा देव्हारा हलला. भाड्याच्या जागेत ताडपत्रांचे गठ्ठे आधी ठेवले गेले असतील आणि पितळेची भांडी मागाहून. वचनसाहित्याच्या इतिहासात तिच्यासाठी वेगळे प्रकरण नाही. ते आपण आपल्या मनात लिहावे.

आता मंगळवेढ्याचीच दुसरी गोष्ट. बसवण्णांनंतर पावणेदोनशे वर्षांनी, १३३८ साली, मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालले असता कूस ढासळली आणि कामावरचे मजूर तीखाली गाडले गेले. त्यांत चोखोबा होते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी ओळखून पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारापाशी समाधी दिली. ज्याला देवळाच्या आत जाता आले नाही, त्याला मेल्यावरही दाराशीच जागा मिळाली. हे दार उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले, तेव्हा कोठे पंढरीचे मंदिर हरिजनांना खुले झाले. मधे सहाशे वर्षे गेली होती.

चोखोबांच्या नावावर आज सुमारे साडेतीनशे अभंग आहेत. अक्षरओळख ज्यांना मिळू दिली नाही, त्यांचे अभंग टिकले कसे? मंगळवेढ्याचे अनंतभट्ट ते लिहून घेत, असे परंपरा सांगते. पुढे वारकऱ्यांच्या मुखी आणि वह्यांत ते राहिले; महिपतींनी 'भक्तविजया'त चोखोबांची कथा सांगितली; त्र्यंबक हरी आवटे यांनी संतांच्या गाथा छापल्या; आणि स. भा. कदम यांनी चोखोबांचे चरित्र व अभंगगाथा स्वतंत्र पुस्तकरूपाने दिली. चोखोबांच्या घरात एकटे चोखोबाच कवी नव्हते. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेव्हणा बंका, मुलगा कर्ममेळा, सारे घर अभंग रचणारे. सोयराबाईंचे साठ-एक अभंग आज आपल्यापाशी आहेत. देह म्हटला की विटाळ आलाच, तो काही एका जातीच्या पदरी बांधून दिलेला नाही. मग सोवळा म्हणावा असा उरला कोण, हा तिचा प्रश्न. बाळंतपण जिने पाहिले आहे, अशी बाईच हा प्रश्न इतक्या सरळ शब्दांत विचारू शकते. मुलगा कर्ममेळा तर बापापेक्षा कडक. आम्हाला असा जन्म दिलास आणि वर आमच्याकडून भक्ती मागतोस, असा त्याचा देवाशी रोकडा हिशेब.

या घराण्याचा अभ्यास जन्मभर करणारी एक बाई साता समुद्रापलीकडची होती, आणि योगायोग असा, की तीही क्वेकर. एलिनॉर झेलियट त्यांचे नाव. १९२६ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात क्वेकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९६० नंतरच्या काळात त्या पुण्यास येऊन राहिल्या, मराठी शिकल्या आणि डॉ. आंबेडकर व महार समाजाची चळवळ या विषयावर त्यांनी १९६९ साली प्रबंध पुरा केला. पुढे मिनेसोटातील कार्लटन कॉलेजात त्यांनी सुमारे तीन दशके इतिहास शिकविला. त्या काळी विद्वान मंडळी संस्कृत ग्रंथ शोधीत. ही बाई चळवळीची पुस्तके, पत्रके, दलित कवींचे पातळ संग्रह, जलशांतली गाणी यांच्या मागे असे. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या उत्पत्तीविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. तो धागा धरून झेलियटबाईंनी चोखोबांवर लिहिले, आणि २००५ साली रोहिणी मोकाशी-पुणेकर यांच्यासह अस्पृश्य मानल्या गेलेल्या संतांवर एक ग्रंथ संपादित केला. त्यात सोयराबाई, निर्मळा यांनाही मान मिळाला. २०१६ साली त्या वारल्या.

गुलामगिरी नको म्हणणाऱ्या पंथात वाढलेल्या बाईला मंगळवेढ्याच्या गावकुसाखाली गाडलेला कवी आपला वाटला, यात मला नवल वाटत नाही. नवल एवढेच वाटते, की मंगळवेढा तिला जितका जवळचा होता तितका तो आपल्याला, एवढ्या शेजारी राहून, झाला आहे का!

झेलियटबाईंनाही कोणीतरी आधी राखलेले कागद मिळाले, म्हणूनच त्यांचे काम झाले. चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या हयातीतच त्यांची पत्रे, भाषणे, कात्रणे जमविण्यास आरंभ केला होता. त्या संग्रहातून बाबासाहेबांचे बारा खंडांचे चरित्र उभे राहिले. पण १९७१ साली खैरमोडे वारले तेव्हा बरेच खंड छापावयाचे राहिले होते. ते बाड द्वारकाबाई खैरमोडे यांनी जपले आणि उरलेले खंड प्रकाशात आणविले. खैरमोड्यांचा संग्रह पुढे मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेला. पुन्हा पाहा, शेवटी बासन हाती धरून उभी आहे ती बाईच.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, की ही मोठ्या माणसांची गोष्ट झाली. आमच्या घरी बसवण्णांची ताडपत्रे नाहीत आणि बाबासाहेबांची पत्रेही नाहीत, आम्ही काय राखावे?

आपल्यापाशी काय आहे ते सांगते. आपल्यापाशी ओव्या आहेत. साने गुरुजींनी बायकांच्या तोंडून ओव्या गोळा करून 'स्त्री जीवन' हे पुस्तक केले, ते आपल्या मंडळाच्या कपाटात असावे. पुढे १९८० नंतरच्या काळात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी कार्यकर्त्या बायकांना बरोबर घेऊन जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या टिपल्या. त्यांत राम-सीता आहेत, भाऊराया आहे, सासुरवास आहे, आणि भीमरावही आहे. महारवाड्यातल्या बाईने जात्यावर बसून बाबासाहेबांना आपल्या माहेरच्या माणसासारखे गायिले आहे. त्या ओव्या ज्या बाईने सांगितल्या तिचे नाव आणि गाव त्यांनी ओवीसोबत लिहून ठेवले. ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ओवी सर्वांची म्हणून ती कोणाचीच नाही, असेच आजवर चालत आले होते.

आणि आपल्या मंद्रुपासारख्या गावाचे धन तर दुहेरी आहे. येथे एकाच ओट्यावर मराठी ओवी आणि कानडी बीसुकल्लिन पद ऐकू येई. एकीने मराठीत सुरू करावे, दुसरीने कानडीत जोडावे, आणि पीठ मात्र एकच पडावे! हे मिश्र धन सोलापुरात नाही आणि विजापुरातही नाही. ते या मधल्या पट्ट्यातल्या आज्यांपाशी आहे. ज्यांनी खरोखर जात्यावर दळण दळले अशा बायका आता सत्तरी-ऐंशी ओलांडून गेल्या. पिठाची गिरणी आली, ती बरे झाले. जात्याच्या कष्टांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही, ज्यांच्या खांद्यांनी ते ओढले त्यांना विचारा. पण दळण थांबले तेव्हा गाणेही थांबले, आणि ते कोणी लिहून ठेवले नाही.

माझ्या ओळखीच्या एका बाईंची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. त्या तीन इयत्ता शिकलेल्या. मुलाच्या शाळेच्या वह्यांची कोरी राहिलेली पाने फाडून, सुईदोऱ्याने शिवून त्यांनी तीन वह्या केल्या होत्या. त्यांत पाळणे, डोहाळे, भुलाईची गाणी, आणि मधूनच जोंधळ्याच्या पोत्यांचा हिशेब, कोणाला किती उसने दिले त्याची नोंद, दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली त्या आठवड्यांची हजेरी. त्या वह्या मी चाळल्या होत्या. १९७२ च्या दुष्काळात आपल्या भागातल्या बायकांनी दिवस कसे काढले, हे त्या हजेरीइतके नेमके मला कोठल्याही पुस्तकात सापडलेले नाही. बाई वारल्या. तेराव्यानंतर घर आवरण्यात आले आणि वह्या रद्दीत गेल्या. मुलगा वाईट नव्हता. आईच्या पातळांची घडी त्याने जपून ठेवली, तिची पोत सुनेला दिली. वहीला किंमत असते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. संकव्वाचे एक वचन तरी राहिले. या बाईचे एकही अक्षर राहिले नाही.

म्हणून मंडळापुढे मी तीन सूचना ठेवते. भाषण म्हणून ऐकून सोडून देऊ नयेत, एवढीच विनंती.

पहिली अशी, की मंडळाच्या खोलीतल्या कपाटाचा एक खण यासाठी राखावा. ज्यांच्या घरी जुन्या वह्या, पत्रे, लग्नपत्रिका, हिशेबाची चोपडी, गाण्यांची बाडे असतील, त्यांनी ती आणून द्यावीत. द्यावयाची नसतील तर आपल्याच घरी नीट ठेवावीत आणि मंडळाच्या नोंदवहीत फक्त 'अमक्या घरी आहे' एवढे लिहून जावे. कागद सुती कापडात बांधावेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत, तेथे घाम धरतो. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. ती पुढे पिवळी पडते आणि कागदही खाते. वरच्या खणात ठेवावेत, खाली ओल येते. वर्षातून दोनदा उघडून सावलीत वारा द्यावा. ज्याला आपण तिखट-डाळी जपता येतात त्याला कागद जपता येणार नाहीत, असे नाही.

दुसरी सूचना लिहून घेण्याची. आज घरोघर मुलांच्या हाती फोन आहे. आजीचे गाणे त्यात धरून ठेवता येते. पण फोन बदलतो, बिघडतो, गाणे त्याच्याबरोबर जाते. म्हणून ऐकून वहीतही उतरवावे. मराठी असो की कानडी, बोलतात तसेच लिहावे. शुद्ध करावयास जाऊ नये. आणि प्रत्येक गाण्याखाली सांगणाऱ्या बाईचे नाव, माहेर, सासर, वय आणि तारीख लिहावी. तिची परवानगी आधी घ्यावी. नाव नको म्हणाली तर नाव घालू नये, पण विचारावे जरूर.

तिसरी सूचना जरा अवघड आहे, आणि आजचे माझे सारे बोलणे खरे म्हणजे तिच्यासाठीच होते. हे काम गावातल्या सगळ्या गल्ल्यांतून झाले पाहिजे. आपल्या हळदीकुंकवाला कोणाकोणाला बोलावणे जाते आणि कोणत्या वस्तीपाशी ते थांबते, हे आपले आपल्याला ठाऊक आहे. विधवा बहिणींना बोलावणे जाते की नाही, हेही ठाऊक आहे. मी येथे कोणाचा न्याय करावयास उभी नाही. पण हळकट्टींनी जर फक्त थोरामोठ्यांच्या घरची ताडपत्रे उघडली असती, तर आयदक्की लक्कम्मा आपल्याला भेटली नसती. अनंतभट्टांनी चोखोबांच्या वस्तीकडे पाठ फिरविली असती, तर सोयराबाईंचा तो विटाळाचा प्रश्न कोणी ऐकला असता? आपण चार ओळखीच्या घरांतल्याच ओव्या लिहून आणल्या, तर त्या वहीवर 'मंद्रुपच्या बायकांची गाणी' असे नाव घालण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही. तेव्हा वही घेऊन जाणाऱ्या दोघीदोघींच्या जोड्या कराव्यात आणि प्रत्येक जोडीत दोन वेगळ्या गल्ल्यांतल्या बायका असाव्यात. गाणे लिहून घ्यावयाचे म्हणजे त्या घरात बसावे लागते, पाणी प्यावे लागते. कागद राखता राखता माणसेही एकमेकींना राखतील.

मी तर म्हणते, या कामाला फार मोठा खर्च नाही. दोन जाड वह्या, चार पेने, आणि महिन्यातून दोन दुपारी. हळकट्टींना घर विकावे लागले. आपल्याला फक्त एक खण रिकामा करावा लागेल. सध्या त्यात गेल्या वर्षीच्या संक्रांतीचे उरलेले वाण आहे, हे मी मघाशी पाहिले आहे. ते आज येथे वाटून टाकता येईल!

पुढच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत माझे भाषण नको. त्याऐवजी त्या वहीतली दहा गाणी छापा, प्रत्येकीखाली सांगणारीचे पूर्ण नाव घालून. पहिली वही मी आज बरोबर आणली आहे, ती अध्यक्षबाईंच्या हाती देते. पहिल्या पानावर त्या तीन वह्यांच्या बाईंचा एक पाळणा मला आठवला तेवढा लिहिला आहे. पुढची पाने कोरी आहेत.